चौकोनी ठिपक्यांचा पतंग : प्रकल्प नोंदी

२ नोव्हेंबर

काम ठरलं. एका लहान पतंगाचं एक पान करायचं: वर्णन, रंगीत चित्रं आणि तो जगात कुठं आढळतो त्याचा नकाशा. मराठीत पतंगांची अशी एकेका प्रजातीची पानं व्हावीत ही आमची जुनी इच्छा. सुरुवात प्लुटेला झायलोस्टेलानं, म्हणजे शेतीच्या लिखाणात ज्याला ‘चौकोनी ठिपक्यांचा पतंग’ म्हणतात त्यानं.

कोबी-फुलकोबीवरची कीड म्हणून याच्याबद्दल पुष्कळ छापून आलेलं आहे. पण जिथं बघावं तिथं रूपाला एक ओळ आणि बाकी सगळी फवारणी. जगाच्या पाठीवर सगळीकडे पोचलेल्या या किड्याला आपण चेहऱ्यानं ओळखत नाही, हे मला खुपतं.

नावाची नोंद आधीच करून ठेवते. लिनियसनं १७५८ मध्ये याला नाव दिलं. जुन्या पुस्तकांत ‘प्लुटेला मॅक्युलिपेनिस’ भेटला तर तोही हाच; दोन वेगळे समजून नोंदी फोडायच्या नाहीत.

५ नोव्हेंबर

संध्याकाळी कोबीच्या वाफ्यात. पानांना हात लागला की खालून चार-सहा जीव उडतात, गुडघ्याच्या उंचीवरून वेडेवाकडे जातात आणि दोन-तीन हातांवर पुन्हा बसतात. याला उडणं म्हणावं की टाळणं, असा प्रश्न पडावा इतकं कमी. चाचणी नळ्यांत नऊ पकडले.

घरी आणून भिंगाखाली एकेक पाहिला. पंख मिटून बसलेला पतंग डोक्यापासून पंखांच्या टोकापर्यंत सहा ते साडेसात मिलिमीटर. तांदळाच्या दाण्याएवढाच, पण दाण्यापेक्षा सडपातळ. अंग करडं-तपकिरी. पंख घराच्या छपरासारखे दोन्ही बाजूंना उतरते. टोकाशी झालरीचे केस वर वळलेले, त्यामुळे बाजूनं पाहिलं तर शेपटी उचलून बसल्यासारखा दिसतो. स्पर्शिका सरळ पुढं रोखलेल्या, त्यांवर पांढरे आणि गडद पट्टे एकाआड एक. याच्या एवढेच बरेचसे पतंग बसताना स्पर्शिका मागं, पाठीवर टेकवतात. हा टेकवत नाही. लांबून ओळखायला मला पाठीवरच्या नक्षीपेक्षा ही खूण जास्त भरवशाची वाटली. वर्णनात ती पहिल्या तीन ओळींत यायला हवी.

आणि पाठ. मधोमध फिकट, सायीच्या रंगाचे तीन चौकोन, कोनाला कोन लावून एका ओळीत. ‘डायमंडबॅक’ (हिरेपाठ्या) या इंग्रजी नावातला हिरा तो हाच.

६ नोव्हेंबर

चित्रं काढणारी मैत्रीण आली होती. नऊपैकी एक मेला होता, त्याचे पंख पसरण्याच्या पाटीवर ताणून ठेवले होते. तिनं भिंगातून पाहिलं, पुन्हा पाहिलं आणि म्हणाली, “अगं, चौकोन कुठायत? मी काढू काय?”

मीही पाहिलं. खरोखरच नव्हते.

पुढच्या एका पंखावर काय असतं ते सावकाश लिहिते, कारण सगळं वर्णन इथंच अडकलेलं आहे. पंख अरुंद आणि लांबट. वरची कड आणि मधला भाग तपकिरी, त्यावर बारीक काळे कण शिंपडल्यासारखे. मागच्या कडेला लागून एक फिकट पट्टा. या पट्ट्याची तपकिरी भागाला लागणारी कड सरळ नाही. ती तीनदा आत शिरते, तीनदा बाहेर येते, पाण्याच्या लाटेसारखी. बस, एवढंच. चौकोन नाही, ठिपका तर नाहीच नाही.

पतंग पंख मिटतो तेव्हा डाव्या पंखाची मागची कड उजव्याच्या मागच्या कडेला भिडते. दोन लाटा समोरासमोर येतात आणि डावीकडचं अर्धं शिखर उजवीकडच्या अर्ध्या शिखराला मिळून चौकोन तयार होतो. म्हणजे ज्या खुणेवरून याला नाव पडलं ती खूण पंखावर नाही, बसण्यात आहे. पंख पसरलेला नमुना समोर ठेवून कुणी या नावाची पडताळणी करायला गेला तर तो चुकणारच.

ठरलं ते असं. मुख्य चित्र बसलेल्या पतंगाचं, वरून एक आणि बाजूनं एक. पसरलेल्या पंखांचं चित्र शेजारी, लहान. कीटकांच्या पुस्तकांत नेमकं उलटं करायची रीत आहे, पण इथं ती रीत चालणार नाही.

मागचे पंख: फिकट करडे, फारच अरुंद, आणि कडेनं लांब केसांची झालर. काही ठिकाणी झालर पंखाएवढी रुंद भरली. पसरलेल्या पंखांची एकूण रुंदी १४ मिलिमीटर.

८ नोव्हेंबर

नर-मादीचा फरक. नराचा पट्टा उजळ आणि बाकीचा पंख गडद, म्हणून चौकोन ठसठशीत. मादीचा सगळाच रंग उतरल्यासारखा, चौकोन ओळखायला उजेड तिरका धरावा लागतो. आठांत तीन माद्या निघाल्या, त्यांतली एक तर जवळजवळ सपाट भुरी. अशा मादीला सहज दुसरं कुणी समजलं जाईल. मैत्रिणीला सांगितलं, दोन्ही काढ, आणि मादीचा रंग खुलवायचा मोह टाळ.

नुसत्या रूपावर किती विसंबायचं याचा एक धडा याच वंशात आहे. ऑस्ट्रेलियात ज्या पतंगांना सगळे झायलोस्टेला म्हणत होते, त्यांचा डीएनए तपासल्यावर त्यांत दोन प्रजाती सापडल्या. दुसरीला २०१३ मध्ये लँड्री आणि हेबर्ट यांनी ‘प्लुटेला ऑस्ट्रेलियाना’ हे नाव दिलं. बाहेरून पाहून दोघी वेगळ्या ओळखता येत नाहीत. जननेंद्रियांची रचना मात्र वेगळी. म्हणून नकाशात ऑस्ट्रेलियावर तळटीप लागेल.

९ नोव्हेंबर, रात्र

माद्या आणि नर बरणीत, वर मलमलचं कापड, आत कोबीचं कोवळं रोप. अंधार पडून तास-दीड तास होईपर्यंत काही नाही. मग एक मादी पानाच्या खालच्या बाजूनं चालू लागली. चार पावलं, थांबणं, स्पर्शिका पानावर टेकवणं, पोटाचं टोक वाकवून शिरेलगतच्या खळगीत लावणं. अर्धा मिनिट, मग पुढं. तांबडा उजेड धरून पाऊण तास बसले होते.

मादीला पान कळतं ते मोहरीच्या कुळातल्या झाडांमधल्या ग्लुकोसिनोलेट या रसायनांमुळे. कच्च्या मोहरीचा जो झोंबरा वास, तो यांच्यापासूनच बनतो. झाडानं हे रसायन राखलं ते खाणाऱ्याला हाकलायला, आणि हा पतंग त्याच वासावर घर शोधत येतो.

१० नोव्हेंबर

अंडी मोजली: पानाखाली २३, देठावर ४. बहुतेक सुटी, काही दोन-तीनच्या घोळक्यात. चपटी, लांबट गोल, पिवळसर, लांबी अर्ध्या मिलिमीटरला थोडी कमी. खोलीचं तापमान २४ ते २५ अंश.

१३ नोव्हेंबर

अंडी काल काळपट झाली होती, आज रिकामी. अळ्या मात्र कुठंच दिसेनात. पान उजेडासमोर धरलं तेव्हा उलगडा झाला: पानाच्या आत, दोन पापुद्र्यांच्या मध्ये, केसासारखे पांढुरके बोगदे, आणि प्रत्येकाच्या टोकाला एक काळा टिंब. ते डोकं. पहिल्या अवस्थेतली अळी पान बाहेरून खात नाही, आत शिरून पोखरते. डोक्याची रुंदी ०.१६ मिलिमीटर असते असं वाचलं होतं. माझ्या मोजपट्टीवर ते मोजण्याच्या पलीकडचं आहे.

१६ नोव्हेंबर

अळ्या बाहेर आल्या, पानाखाली बसून खातात. खाण्याची तऱ्हा निराळी. खालचा पापुद्रा आणि मधला गर खरवडून घेतात, वरचा पारदर्शक पापुद्रा ठेवून देतात. पानाला जणू खिडक्या बसवल्यासारखं दिसतं. पुढं पान वाढलं की तो पापुद्रा फाटतो आणि भोक पडतं. शेतात फक्त भोकं बघणाऱ्याला हा आधीचा टप्पा दिसत नाही.

ब्रशच्या टोकानं एकीला स्पर्श केला. अंग झटकून, वळवळत ती मागच्या मागं सरकली आणि पानाच्या कडेवरून खाली पडली. पडली म्हणजे धाग्यावर लटकली. अडीच मिनिटांनी तोच धागा पकडत वर चढली. दहा अळ्यांवर करून पाहिलं, सात जणी लटकल्या.

१८ नोव्हेंबर

नुकसान. बरणीत दमट झालं, पानांखाली पाणी साचलं आणि एका रात्रीत नऊ अळ्या मेल्या. कापड बदलायला मी एक दिवस उशीर केला होता. उरल्या चौदा. आता तळाला टिपकागद, दिवसातून दोनदा पानं बदलायची.

बाहेरही असंच होत असणार. मुसळधार पावसात याची अंडी आणि लहान अळ्या धुऊन जातात, बुडून मरतात. म्हणूनच उष्ण प्रदेशांत पावसाच्या महिन्यांत हा उतरणीला लागतो आणि कोरड्या हंगामात माजतो. नकाशा करताना ‘कुठं’ इतकंच ‘कधी’ही लागणार, हे आज डोक्यात पक्कं बसलं.

२० नोव्हेंबर

चौथी, शेवटची अवस्था. सर्वांत मोठी ११ मिलिमीटर. अंग पोपटी, दोन्ही टोकांना निमुळतं, शेवटचे पाय मागं इंग्रजी व्हीसारखे फाकलेले. कोबीवरच्या इतर हिरव्या अळ्यांपासून वेगळी करायला हे फाकलेले पाय आणि मागं वळवळणं, एवढ्या दोन खुणा पुरेत.

आज एक सुंदर गोष्ट पाहिली. चौदांपैकी पाच अळ्यांच्या पोटाच्या पाचव्या वलयात पाठीकडून एक पांढुरका डाग आतून चमकतो. ते नराचे वृषण, पातळ कातडीतून दिसणारे. म्हणजे पंख यायच्या कितीतरी आधी नर कोण ते सांगता येतं. त्या पाचांना वेगळी बरणी दिली.

२२ नोव्हेंबर

अकरा अळ्यांनी कोष विणले. कोष कसला, जाळीच. इतकी विरळ की आतला जीव आरपार दिसतो. दोन्ही टोकं उघडी. आत नऊ मिलिमीटरचा हिरवट कोषस्थ कीटक, उद्यापर्यंत पिवळसर होईल. मैत्रिणीला जाळीचे धागे काढायला सबंध दुपार लागली आणि तरी ती समाधानी नाही.

२४ नोव्हेंबर

वाफ्यातून गोळा केलेले सहा कोष वेगळ्या डबीत होते. त्यांतल्या दोनांच्या विरळ जाळीच्या आत आणखी एक कोष निघाला: तपकिरी, भरीव, लहानशा पिंपासारखा. त्यांतल्या एकातून आज सकाळी काळी, सडपातळ, लांब स्पर्शिकांची माशी बाहेर आली. डायाडेग्मा वंशातली परोपजीवी. हिची मादी जिवंत अळीच्या अंगात अंडं घालते. आतलं पिल्लू यजमानाला कोष विणू देतं आणि मग खाऊन संपवतं. दुसरी परोपजीवी, कोटेसिया, थांबत नाही. ती अळीतून बाहेर पडून पानावर स्वतःचा छोटा पांढरा कोष करते. तीही वाफ्यात दोन ठिकाणी दिसली.

या दोघींचं चित्र पानावर घ्यायचंच, असा माझा आग्रह आहे. कोष उचलून पाहणाऱ्याला आत कोण आहे ते ओळखता यायला हवं. नाहीतर माणसं पिंपासारखा कोष पाहून तोही चिरडतात.

२७ नोव्हेंबर

काल रात्री चार, आज पहाटे पाच पतंग निघाले. नर म्हणून वेगळे केलेले पाचही नरच. अंड्यापासून पतंगापर्यंत सोळा-सतरा दिवस.

निघाल्यानंतरचा पहिला पाव तास बघण्यासारखा. पंख चुरगळलेले, ओले, पाठीवर उभे. ते भरत गेले, लांबले, मग एका क्षणी दोन्ही बाजूंना उतरून मिटले, आणि पाठीवर तीन चौकोन जुळून आले. त्या क्षणाआधी नव्हते. पंख मिटेपर्यंत ही नक्षी जगात नसतेच, हे आज डोळ्यांनी पाहिलं. मैत्रिणीला फोन करून उठवलं; तिनं उरलेल्या एका कोषासाठी यायचं ठरवलंय.

२९ नोव्हेंबर

नकाशा. दोन दिवस याच्यावरच.

बहुतेक ठिकाणी या पतंगाचा नकाशा म्हणजे अंटार्क्टिका सोडून सगळं जग एकाच रंगात. खोटं नाही, पण त्यातून काही कळतही नाही. थंड देशांत हिवाळा काढणाऱ्या कितीतरी किड्यांना सुप्तावस्था असते, याला नाही. कडाक्याचा हिवाळा पडला की तिथले मरतात. तरीही दर उन्हाळ्यात तिथं हा दिसतो. कॅनडाच्या गवताळ प्रदेशात मोहरीवर्गीय पिकावर जे येतात ते दर वसंतात अमेरिकेच्या दक्षिण भागातून आणि मेक्सिकोकडून वाऱ्यावर येतात. ब्रिटनमध्ये १९५८ साली पूर्वेकडून समुद्र ओलांडून थवेच्या थवे उतरले, तसाच मोठा लोंढा २०१६ मध्येही आला. २००० साली स्वालबार्डवर, म्हणजे उत्तर ध्रुववृत्ताच्याही पुष्कळ उत्तरेला, हे पतंग सापडले. तिथं कोबीचं शेत नाही, परतायची वाट नाही.

वाफ्यात दोन-तीन हात उडून बसणारा हाच तो जीव, हे मनाला पटायला वेळ लागतो. स्वतःच्या बळावर तो पिकाच्या उंचीतच फिरतो. पण वर उठला आणि वारा मिळाला की गोष्ट बदलते. मागच्या पंखांची ती झालर मी पुन्हा काढून पाहिली: पंखाच्या पडद्याएवढी रुंदी आणि वजन जवळजवळ काही नाही.

म्हणून नकाशा दोन रंगांत. भरीव रंग जिथं तो बारमाही राहतो तिथं. तिरक्या रेघा जिथं तो दर वर्षी येतो आणि हिवाळ्यात संपतो तिथं. मधली सीमा एक रेघ म्हणून काढायची नाही, रंग विरळ करत न्यायचा, कारण सौम्य हिवाळा आला की ती सरकते. स्वालबार्डला रेघाही नाहीत, फक्त एक टिंब आणि साल.

दक्षिणेकडे एक टिंब भरीव ठेवलंय: हिंदी महासागराच्या दक्षिण टोकाशी असलेलं मॅरियन बेट. तिथं हा येऊन स्थायिक झाला, तिथल्या केर्गेलेन कोबी नावाच्या रानझाडावर. बेटाला ना शेती ना शेतकरी. मोहरीच्या कुळातलं एक झाड होतं, तेवढं त्याला पुरलं.

१ डिसेंबर

भारताची नोंद: १९१४ मध्ये फ्लेचर यांनी केलेली. तेव्हापासून कोबीवर्गीय भाज्या जिथं जिथं, तिथं तिथं. नकाशावर भरीव रंग.

यजमान वनस्पतींची ओळ लिहिताना अडले. ‘फक्त मोहरीचं कुळ’ असं लिहून टाकलं होतं, ते खोडलं. केनियात नैवाशाजवळ हा वाटाण्याच्या शेतात शिरला आणि तिथंच पिढ्या काढू लागला. ‘जवळजवळ फक्त’ असं केलं. वर्णनात एक शब्द वाढला, पण खरं झालं.

बाजूला एक उलटं उदाहरण: बार्बारिया नावाच्या रानझाडावर मादी आवडीनं अंडी घालते, पण त्याच्या पानांतल्या सॅपोनिन या रसायनामुळे अळ्या जगत नाहीत. वासानं बोलावलं आणि ताट विषारी निघालं.

३ डिसेंबर

मूळ कुठलं? जुन्या लिखाणात भूमध्य समुद्राचा काठ, कारण कोबीचं मूळ त्या बाजूचं. पुढं दक्षिण आफ्रिका, कारण तिथं याच्या परोपजीवींची विविधता मोठी. कुणी चीनही सुचवलं. २०२० मध्ये जगभरातून जमवलेल्या ५३२ पतंगांचे जीनोम ताडून पाहिल्यावर बोट गेलं दक्षिण अमेरिकेकडे, आणि तिथून गेल्या सुमारे पाचशे वर्षांत माणसाच्या व्यापाराबरोबर झालेल्या पसरणीकडे. मी पानावर हा निष्कर्ष घेतला, आधीचे अंदाजही एका वाक्यात ठेवले. पाचशे वर्षं हा काळ माझ्या मनातून जात नाही. वाऱ्यानं एका ऋतूत समुद्र ओलांडणाऱ्याला महासागर ओलांडायला माणसाची जहाजं लागली.

५ डिसेंबर

कीटकनाशकांवर लिहायचं नाही असं ठरवलं होतं, तरी दोन वाक्यं घेते, कारण तीही पसरण्याचीच गोष्ट आहे. जावा बेटावर १९५०च्या दशकाच्या सुरुवातीला हा डीडीटीला दाद देईनासा झाला. १९९० मध्ये हवाईच्या शेतांतून बीटी या जिवाणूपासून केलेल्या फवाऱ्यालाही प्रतिकार करणारे पतंग नोंदले गेले. शेतात बीटीचा प्रतिकार दाखवणारा हा पहिला कीटक. सोळा दिवसांत पिढी उलटते हे माझ्या बरणीत पाहिल्यावर यात नवल वाटत नाही. फवारणी कुठली आणि किती, हे पान सांगणार नाही.

मोहरीचं रसायन पचवण्याची त्याची युक्ती २००२ मध्ये उलगडली. अळीच्या आतड्यात एक विकर (एन्झाइम) आहे, ते ग्लुकोसिनोलेटचा झोंबरा भाग सुटायच्या आतच रेणूचा सल्फेट तोडून टाकतं, मग झाडाचा हल्ला होतच नाही. हे वाक्य रूपाच्या परिच्छेदात बसत नव्हतं. पसरणीच्या परिच्छेदात पहिल्या ओळीला बसलं.

८ डिसेंबर

वर्णनाचा मसुदा पक्का झाला. त्यातली नावाबद्दलची ओळ इथं उतरवून ठेवते:

“मराठीत चौकोनी ठिपक्यांचा पतंग. हे चौकोन एका पंखावर शोधू नयेत; पतंग पंख मिटून बसला की दोन पंखांच्या नागमोडी फिकट कडा पाठीवर जुळतात तेव्हा ते दिसतात.”

नाव बदलावं का यावर आमचं बरंच बोलणं झालं. मैत्रिणीचं मत, ‘हिरापाठ’ म्हणावं. मला शेतकऱ्यांच्या तोंडी जे थोडंफार रुळलंय ते मोडायचं नाही. जुनं नाव मथळ्यात, खाली ही ओळ.

शेवटचा कोष आज दुपारी उकलला. मैत्रीण अकरा वाजल्यापासून पेन्सिल घेऊन बसली होती. मादी निघाली. पंख मिटायला चौदा मिनिटं लागली, तेवढ्यात तिनं सहा रेखाटनं केली: पहिल्या पाचांत दोन वेगळ्या लाटा, सहाव्यात तीन फिकट चौकोन, इतके फिकट की कागद तिरका धरल्याशिवाय दिसत नाहीत. पानावर तीच सहा ओळीनं जातील.